कार्यवाद म्हणजे काय? बलुतेदारी ‘छान व्यवस्था’ का वाटते आणि त्यात काय सुटतं?

जुन्या गावात प्रत्येकाला काम होतं, सगळे एकमेकांवर अवलंबून होते, म्हणून गाव सुखी होतं. अशा आशयाची पोस्ट तुमच्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीतरी आली असेल. खाली कुणीतरी ‘अगदी खरं’ लिहितं, तर कुणी ‘हे कुणासाठी सुखी होतं?’ असं विचारतं. हा वाद मानववंशशास्त्रात फार जुना आहे. पोस्टमधल्या युक्तिवादामागे जो सिद्धांत आहे, त्याला ‘कार्यवाद’ किंवा ‘प्रकार्यवाद’ म्हणतात.

सिद्धांत काय सांगतो?

एखादी प्रथा विचित्र वाटली, तरी ती समाजात कोणतं तरी काम करत असते. ती कुठून आली यापेक्षा ती आज काय करते हे शोधा, असं कार्यवाद सांगतो.

या विचाराचे दोन मोठे अभ्यासक म्हणजे ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की आणि ए. आर. रॅडक्लिफ-ब्राऊन. दोघांचीही गाजलेली पुस्तकं १९२२ साली आली. मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहिले. तिथले लोक शिंपल्यांचे हार आणि कडी घेऊन होडीतून दूरच्या बेटांवर जायचे आणि त्यांची देवाणघेवाण करायचे. या वस्तूंचा रोजच्या जगण्यात फारसा उपयोग नव्हता. पण त्या निमित्ताने बेटाबेटांत नाती टिकत आणि सोबत इतर मालाचा व्यापारही होई.

रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी अंदमानच्या आदिवासींचा अभ्यास केला होता. शरीरात जसे अवयव, तशा समाजात संस्था, असं ते मानत. प्रत्येक अवयव शरीर जगवतो, तशी प्रत्येक संस्था समाजाची घडी टिकवते.

बलुतेदारीला हे कसं लागू होतं?

आता जालना, अंबड, भोकरदन, परतूर या भागातलं जुनं गाव डोळ्यासमोर आणा. सुतार तिफण आणि वखर दुरुस्त करतो, लोहार विळे पाजवून देतो, कुंभार मडकी देतो. रोख पैसे मिळत नाहीत. सुगी झाली की खळ्यावर ज्वारीतला ठरलेला वाटा, म्हणजे बलुतं मिळतं.

कार्यवादी नजरेने पाहिलं तर सगळं नीट बसतं. शेतकऱ्याची अवजारं अडत नाहीत, कारागिराला वर्षभराचं धान्य मिळतं आणि गाव बांधलेलं राहतं. अमेरिकन मिशनरी विल्यम वायझर यांनी उत्तर प्रदेशातल्या एका गावातल्या अशाच ‘जजमानी’ पद्धतीवर १९३६ साली पुस्तक लिहिलं. त्यात परस्परांच्या सेवेवर भर होता.

मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्याकडे शिकलेले एम. एन. श्रीनिवास पुढे ऑक्सफर्डला रॅडक्लिफ-ब्राऊन यांचे विद्यार्थी झाले. त्यांच्या पिढीने भारतीय गावांच्या अभ्यासात हा दृष्टिकोन रुजवला. एस. सी. दुबे यांचं ‘इंडियन व्हिलेज’ १९५५ साली आलं. त्यातलं शमीरपेठ हे गाव तेव्हाच्या हैदराबाद राज्यातलं. जालनाही त्या काळात त्याच राज्यात होतं.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण: ‘गावाला उपयोग होतो’ म्हणताना गाव म्हणजे कोण? मेलेली जनावरं ओढणं, वेठीला हजर राहणं, सांगावा घेऊन पायी जाणं ही कामं महारांच्या वाट्याला होती. ती नाकारायची सोय नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात जातीवर निबंध वाचला होता. पुढे १९३६ साली त्यांनी मांडलं की जातीव्यवस्था कामाबरोबर कामगारांचीही उतरंड लावते. महार वतनाच्या कायद्यात बदल व्हावा म्हणून १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात विधेयकही आणलं. दया पवारांनी १९७८ साली आलेल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हेच नाव दिलं. खळ्यावरचा वाटा घेणाऱ्याच्या बाजूने कसा दिसतो, हे तिथे वाचायला मिळतं.

दुसरी अडचण: बदल. सगळं एकमेकांत इतकं नीट बसत असेल, तर ते मोडलं कसं? ट्रॅक्टर, कारखान्यातली अवजारं, रोख मजुरी आणि वतनं रद्द करणारे कायदे आले. शरीराची उपमा याचं उत्तर देत नाही.

तिसरी अडचण: पुरावा. जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी १८व्या शतकातल्या महाराष्ट्राची कागदपत्रं तपासली. त्यांच्या मते बलुतेदार एखाद्या घराचे नव्हे, साऱ्या गावाचे सेवक होते. म्हणजे उत्तर प्रदेशातल्या ‘जजमान आणि त्याचा कारागीर’ या चित्रात महाराष्ट्र बसत नाही.

मग कार्यवाद टाकून द्यायचा का?

नाही. प्रथेला अंधश्रद्धा म्हणून झटकण्याआधी लोकांत राहा, भाषा शिका आणि ती प्रथा काय करते ते बघा, ही सवय मालिनोव्स्कींच्या पिढीने पक्की केली. ती आजही कामाची आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४९ साली सिद्धांतात महत्त्वाची दुरुस्ती सुचवली. एकच प्रथा काहींना उपयोगी आणि काहींना घातक असू शकते, म्हणून ती कुणासाठी काय करते हे वेगवेगळं मोजा.

पुढच्या वेळी जुन्या गावाची पोस्ट आली, तर तीन प्रश्न विचारून पाहा. फायदा कुणाला झाला? नाही म्हणायची मुभा कुणाला होती? आणि हे सांगतंय कोण, वाटा देणारा की घेणारा? बलुतेदारीमुळे गावाची कामं चालत होती हे खरं आहे. पण ती चालत होती एवढ्यावरून ती न्याय्य होती, असं ठरत नाही.