पिठाच्या डब्यामागची वही



मागच्या बैठकीत आमच्या लेखन-गटातल्या एका ताईंनी वही आणली, पण उघडेनात. वहीच्या पुठ्ठ्याला पीठ लागलेलं. आम्ही हसलो, तर म्हणाल्या, "हसू नका बाई. पिठाच्या डब्यामागं ठेवते, तिथं घरातलं कोणी हात घालत नाही." मग आमचं हसू तिथंच थांबलं. लिहिण्याची भीती म्हटलं की मोठे लोक कोऱ्या कागदाबद्दल बोलतात. कोऱ्या कागदाचं आम्हा बायकांना काही वाटत नाही. भीती वाटते ती भरलेल्या कागदाची. नवऱ्यानं वाचला तर? मुलाच्या हाती लागला तर?

म्हणून आज आपल्याच नागपूरच्या कौसल्या बैसंत्री यांच्याविषयी बोलू. जन्म १९२६ चा, खलाशी लाइन या वस्तीतला. आईवडील एम्प्रेस मिलमध्ये कामाला. हीच ती जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली गिरणी. घरात पैसा नव्हता, पण मुलींना शिकवायचंच, हे आईनं मनाशी पक्कं केलेलं. त्या काळी नागपुरात जाईबाई चौधरींची मुलींची शाळा होती. जाईबाई स्वतः एकेकाळी हमालीचं ओझं वाहून पोट भरणाऱ्या. पुढं त्या शिकल्या आणि दलित मुलींना शिकवायला उभ्या राहिल्या. अशी बाई डोळ्यांसमोर वावरत असली की शाळा आपल्यासाठी नाही, हे मुलीला कोण पटवून देणार?

कौसल्याबाई मोठ्या शाळेत सायकलीवरून जाऊ लागल्या, तेव्हा रस्त्यावरची वरच्या जातीची पोरं जात काढून टोमणे मारायची, बापाची गरिबी काढायची. आज आपल्या मुली स्कूटीवरून भुर्रकन जातात, त्यामुळं त्या सायकलीचं मोल चटकन लक्षात येत नाही. त्या जात राहिल्या. १९४२ च्या जुलैत याच शहरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर बायकांशी बोलले. कौसल्याबाई तेव्हा सोळाव्या वर्षात. ज्या शहरात हजारो बाया मांडवात बसून ठराव करतात, त्या शहराची हवा मुलीच्या अंगात भिनणारच.

पण पुढचं ऐका. त्यांचं आत्मचरित्र 'दोहरा अभिशाप' आलं १९९९ मध्ये. म्हणजे वयाची सत्तरी उलटल्यावर! मायबोली मराठी, संसार दिल्लीत, पुस्तक हिंदीत. शिकलेल्या, चळवळीतल्या घरातही बायकोला काय सोसावं लागतं, ते त्यांनी स्वतःच्या लग्नाचं सांगून लिहिलं. हे वाचून नवरा, मुलं, भाऊ आपल्यावर रागावतील, हे त्यांनी सुरुवातीलाच कबूल केलं आहे. आम्हाला हे फार महत्त्वाचं वाटतं. रस्त्यावरच्या पोरांना न घाबरलेल्या बाईला घरच्यांच्या रागाचा विचार करावा लागला, आणि भीती गेल्यावर लिहीन असं म्हणत त्या थांबल्या नाहीत. भीती होती ती पहिल्याच पानांवर मांडली आणि पुढं लिहीत गेल्या.

आता आमच्या ताईंच्या पिठाच्या डब्याला शोभेल अशी बहीण फलटणला होती, बेबीताई कांबळे. त्या किराणा दुकान चालवायच्या. माल बांधायला येणारी रद्दी वाचता वाचता वाचनाची गोडी लागली. नवरा बाहेर गेला की दुकानात बसूनच लिहायचं, आणि वह्या घरात धुळीच्या कोपऱ्यांत दडवायच्या. असं वर्षानुवर्षं. १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून ते लेखन क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. आज ते इंग्रजीतही वाचतात.

पुन्हा नागपूरला येऊ. कुमुद पावडे, माहेरच्या सोमकुवर. दलित घरातली मुलगी संस्कृत शिकते म्हणून लोक तोंडावर कौतुक करायचे, मागून नाक मुरडायचे. संस्कृतात एम.ए. झाल्या तरी नोकरी मिळेना. आंतरजातीय लग्न झालं, आडनाव बदललं आणि सरकारी महाविद्यालयात संस्कृत शिकवायची नोकरी मिळाली. 'अंतःस्फोट' या १९८१ च्या पुस्तकात त्यांनी हिशेब चोख मांडला: नोकरी मिळाली ती पावडे या नावाला, सोमकुवर या नावाला नाही. आपल्या यशातलं असं खुसपट स्वतःच काढायला केवढी छाती लागत असेल! आम्ही असतो तर पेढे वाटून गप्प बसलो असतो.

प्रेरणा कुठून आणायची, असं गटात नेहमी विचारतात. जाईबाईंची शाळा, परिषदेचा मांडव, पुडीचा कागद आणि मनात खुपलेलं एक आडनाव, एवढ्यावर या बायांनी लिहिलं.

त्या ताईंनी शेवटी वही उघडली. दीड पान वाचलं, सासरच्या विहिरीविषयी. आवाज मधेच अडला, आम्ही पाणी दिलं. पानाखाली नाव लिहिलेलं नव्हतं. ते आम्ही विचारलंही नाही. पुढच्या बैठकीला उरलेलं वाचते म्हणाल्या आणि वही पदराखाली घेऊन स्वयंपाकाच्या वेळेआधी घरी गेल्या.