बसते; पण पेलते का?

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या अमेरिकेहून घरी आला. तिकडे त्याला इलेक्ट्रॉनिक सिगारेटची सवय लागली आहे. भारतात तिच्यावर बंदी आहे हे ठाऊक असल्यामुळे उपकरण तो तिकडेच ठेवून आला होता. मात्र त्याचे दोन सुटे सेल खांद्यावरच्या पिशवीत किल्ल्या आणि नाण्यांच्या सोबतीने थेट माझ्या दिवाणखान्यापर्यंत पोहोचले. एकाचे प्लॅस्टिकचे वेष्टन कडेला फाटलेले होते. मी विचारले, "अरे, हे सेल त्या यंत्रासाठीच आहेत हे कशावरून?" तो सहज म्हणाला, "काका, बरोबर बसतात की!"

त्याच्या या उत्तरावर मी बरेच दिवस विचार करीत राहिलो. 'बसते' म्हणजे 'चालते' हा विश्वास आपल्या अंगी कोठून आला? माझ्या मते तो घरातल्या भिंतीवरून आला. आपल्याकडील तीन पायांच्या प्लगचे मूळ १९३४ सालच्या ब्रिटिश मानकात आहे. त्या मानकाच्या कर्त्यांनी एक साधी पण दूरदृष्टीची गोष्ट केली. जितका प्रवाह अधिक, तितक्या प्लगच्या पिना जाड. त्यामुळे गिझरचा जाड प्लग दिव्याच्या लहान सॉकेटात शिरतच नाही. गृहिणीला अँपिअर म्हणजे काय हे माहीत असण्याची गरज उरली नाही. नियम पितळेतच ओतलेला होता. उत्तम प्रशासन असेच असते. नागरिकाच्या जाणकारीवर ते विसंबत नाही.

आता सेलकडे वळू. लिथियम-आयन सेल सोनी कंपनीने १९९१ साली प्रथम बाजारात आणला. पुढे १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, म्हणून '१८६५०' या नावाने ओळखला जाणारा सेल लॅपटॉपमध्ये सर्वत्र शिरला. पण तो बंद पेटीत, संरक्षक सर्किटच्या पहाऱ्यात. ग्राहकाच्या हाती तो सुटा पडावा, अशी योजना नव्हती.

ही योजना मोडली ती इलेक्ट्रॉनिक सिगारेटच्या बाजारपेठेने. होन लिक या चिनी औषधनिर्मात्याने २००३ च्या सुमारास आजच्या धर्तीचे उपकरण घडविले. आरंभीची उपकरणे कांडीएवढी होती. नंतर हौशी लोकांना अधिक वाफ हवी झाली आणि सुट्या भागांचा व्यापार उभा राहिला. सेल एकाचा, नळी दुसऱ्याची, तापणारे वेटोळे तिसऱ्याचे. '५१०' नावाच्या एका जुन्या नमुन्याचे आटे सर्वांनी उचलले आणि कोणताही भाग कोणत्याही भागावर बसू लागला. मानकीकरण झाले खरे, पण केवळ आट्यांचे. किती प्रवाह पेलेल, याची खूण त्या आट्यांत कोठेच नव्हती. १९३४ च्या मंडळींनी जे साधले होते, नेमके तेच येथे सुटले.

हिशेब शाळेतल्या ओहमच्या नियमाचाच आहे. पूर्ण भरलेल्या सेलचा दाब ४.२ व्होल्ट. वेटोळ्याचा रोध ०.२ ओहम असला, तर नियंत्रक सर्किट नसलेल्या उपकरणात प्रवाह होतो २१ अँपिअर. अधिक काळ टिकणारा, ३५०० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा सेल बहुधा १० अँपिअरच्या आसपासच सतत देऊ शकतो; २० अँपिअर देणाऱ्या सेलची क्षमता २५०० च्या घरात असते. एकाच आकारात दोन्ही गुण पुरेपूर मिळत नाहीत. ग्राहक मात्र मोठा आकडा पाहून पहिला सेल उचलतो. तोही बसतोच!

त्यातच दुसऱ्याचे सेल नव्या वेष्टनात गुंडाळून त्यावर फुगविलेले आकडे छापणारे विक्रेते निघाले. विक्रेत्याला मालाचा दर्जा ठाऊक आणि खरेदीदाराला नाही, अशा बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावतो, हे जॉर्ज अकरलॉफने १९७० सालीच मांडले होते. त्याचे उदाहरण जुन्या मोटारींचे होते. सेललाही ते तंतोतंत लागू पडते.

परिणाम व्हायचे ते झाले. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातील १९५ घटना नोंदविल्या. त्यांत १३३ जणांना इजा झाली, ३८ जणांना गंभीर. निम्म्याहून अधिक वेळा उपकरण वा सुटा सेल खिशात होता किंवा उपकरण वापरात होते. अखेर २०२१ च्या जानेवारीत तेथील ग्राहक-सुरक्षा आयोगाने सांगितले की १८६५० सेल हे बॅटरी-पेटीचे घटक आहेत. सुटे विकत घेऊ नका, वापरू नका. इशारा योग्य होता, पण बाजार तोवर बराच पुढे गेला होता.

भारताने २०१९ साली, सप्टेंबरात वटहुकमाने व डिसेंबरात कायद्याने, या उपकरणांचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री व साठवण निषिद्ध केली. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. परदेशस्थ आप्तांनी हे ध्यानी घ्यावे. मात्र हा कायदा प्रकृतीच्या कारणासाठी आहे. सेलचा प्रश्न त्याने मिटत नाही. २००७ साली नोकियाने बीएल-५सी प्रकारच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांविषयी इशारा दिला, तेव्हा आपल्याकडे उडालेली घबराट अनेकांना आठवत असेल. लिथियम सेलसाठी आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदणी पुढे सक्तीची झाली. तरीही तोच १८६५० आज विजेरीत आणि हौशी मुलांच्या प्रयोगांत सुटा फिरतो आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी असे सेल आहेत, त्यांच्यासाठी थोडे. सेलच्या कवचाची संपूर्ण बाजू ऋण असते आणि वरच्या कडेशी धन टोकापासून तिला वेगळे ठेवणारे अंतर अगदी थोडे असते. म्हणून फाटक्या वेष्टनाचा सेल वापरू नये. सुटा सेल डबीतच ठेवावा, नाण्यांसोबत कधीही नाही. जोडीने वापरायचे सेल एकाच जातीचे, एकाच वयाचे असावेत. चार्जर त्याच रसायनाचा असावा व झोपताना लावून ठेवू नये. विमानात सुटे सेल सामानकक्षात देऊ नयेत. टोके झाकून स्वतःजवळ ठेवावेत. आणि निर्मात्याच्या कागदावरील सततच्या प्रवाहाचा आकडा मिळत नसेल, तर तो सेल आपल्यासाठी नाही असे समजावे.

पुतण्याने हे सारे ऐकून घेतले. फाटका सेल आम्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा संकलन केंद्रात दिला. दुसऱ्यासाठी त्याने माझ्या चष्म्याची जुनी प्लॅस्टिकची पेटी मागून घेतली. सेल तिच्यात घालून झाकण लावताना तो हसून म्हणाला, "काका, बसला!" मी म्हटले, "बसला खरा. आता त्याचा कागद शोध."