‘गॉस्पेल’ : एका जोडशब्दाचे कूळ

इंग्रजी मिस्सामध्ये ‘गॉस्पेल’ हा शब्द कानी पडताच त्यात ‘गॉड’, म्हणजे देव, दडला असावा असे सहज वाटते. वस्तुतः तो तेथे नाही. प्राचीन इंग्रजीत हा शब्द ‘गोडस्पेल’ असा होता. त्यातील ‘गोड’ म्हणजे आजचे ‘गुड’, चांगले; ‘स्पेल’ म्हणजे निवेदन, वार्ता. (मराठीतील ‘गोड’शी त्याचे साम्य केवळ योगायोगाचे आहे.) पुढे ‘गोड’मधील दीर्घ स्वर ऱ्हस्व झाला व लोक त्याचा अर्थ ‘देवाची कथा’ असा करू लागले. प्राचीन जर्मन व आइसलँडच्या भाषेत तर हा शब्द याच नव्या अर्थाने गेला.

हा जोडशब्द मुळात भाषांतर होय. ग्रीक ‘एउआंगेलिओन’ या शब्दात ‘एउ’ म्हणजे शुभ आणि ‘आंगेलोस’ म्हणजे निरोप्या. देवदूतासाठीचा ‘एंजल’ हा इंग्रजी शब्दही त्यातूनच आला. आजच्या तुर्कस्तानातील प्रिएने येथे सापडलेल्या इ. स. पूर्व ९ च्या शिलालेखात सम्राट ऑगस्टसच्या जन्मदिनासंबंधी याच शब्दाचे अनेकवचन वापरलेले आहे. तोच शब्द संत मार्कने आपल्या पहिल्याच ओळीत येशू ख्रिस्तासाठी योजला. राजदरबारच्या भाषेत सुताराच्या पुत्राची वार्ता सांगणे हे त्या काळी लहानसहान धाडस नव्हते.

लॅटिनने ग्रीक शब्द जवळजवळ तसाच ठेवला. तो पोर्तुगीजमार्गे गोव्यात पोहोचला आणि कोकणीत ‘वांजेल’ झाला. मराठीने मात्र प्राचीन इंग्रजीप्रमाणे भाषांतराची वाट धरली व ‘शुभवर्तमान’ हा शब्द घडला. येथे तरुण वाचकांची गफलत होते. ‘वर्तमान’ म्हणजे चालू काळ, असे शाळेत शिकल्यामुळे ‘शुभवर्तमान’ म्हणजे ‘चांगला काळ’ असे त्यांना वाटते. परंतु जुन्या मराठी पत्रांतील ‘इकडील वर्तमान’ म्हणजे इकडची बातमी. ‘वर्तमानपत्र’ या शब्दात तोच अर्थ आजही जिवंत आहे. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचे नावही याच अर्थाचे आहे. त्यातील ‘सु’ आणि ग्रीक ‘एउ’ हे तर एकाच प्राचीन मुळातून निघालेले सख्खे भाऊ!

जोडशब्दाचा सांधा असा झिजून जाणे आपल्याला नवे नाही. नाशिक जिल्ह्यातील देवळा या गावाचे नाव उच्चारताना ‘देऊळ’ आठवते. पण हे ‘देऊळ’ मुळात ‘देवकुल’, म्हणजे देवाचे घर, हे किती जणांच्या ध्यानी येते? तेथे देव खरोखरच आहे. ‘गॉस्पेल’मध्ये तो लोकांनी मागाहून ऐकला.