माग्दा नाखमान : एक परागंदा चित्रकर्त्री

१२ फेब्रुवारी १९५१ रोजीं मुंबईंतील ‘इन्स्टिट्यूट ऑफ फॉरिन लँग्वेजेस’ या संस्थेंत एका चित्रकर्त्रीच्या चित्रांचें प्रदर्शन उघडावयाचें होतें. त्यास कांहीं तासांचाच अवधि उरला असतां चित्रकर्त्रीनें देह ठेवला. या बाईंचें नांव माग्दा नाखमान. सेंट पीटर्सबर्ग, मॉस्को, बर्लिन आणि मुंबई अशा चार नगरांतून त्यांचें आयुष्य गेलें, आणि मुक्काम हालला कीं चित्रें मागें राहिलीं. चित्रकाराचें चरित्र म्हणजे त्याचीं चित्रें, असें आपण म्हणतों. मग ज्याचीं चित्रेंच विखुरलीं, त्याचें चरित्र शोधावयाचें तरी कोठें? माग्दाबाईंच्या जीवनाकडे या दृष्टीनें पाहावें, असा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

माग्दाबाईंचा जन्म १८८९ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें झाला. वडील ज्यू वंशाचे, आई बाल्टिक प्रांतांतील जर्मन घराण्याची. त्या नगरांत येलिझावेता झ्वान्त्सेवा यांनीं चालविलेल्या खासगी कलाशाळेंत त्या शिकल्या. नाट्यनेपथ्यामुळें जगप्रसिद्ध झालेले लिओन बाक्स्त हे तेथें शिक्षक होते; त्यांच्यामागून पेत्रोव्ह-वोद्किन आले. पुढें मोठ्या कीर्तीस चढलेला मार्क शागाल हाहि कांहीं काळ तेथलाच विद्यार्थी. रंगाशेजारीं रंग ठेवून चित्र उभारावयाचें, नुसती रेखीव नक्कल करावयाची नाहीं, ही त्या शाळेची शिकवण होती, आणि ती माग्दाबाईंच्या हातांत कायमची मुरली.

१९१३ च्या उन्हाळ्यांत काळ्या समुद्राकांठच्या कोक्तेबेल या गांवीं त्यांनीं एका वीस वर्षांच्या तरुणीस समोर बसवून तिचें रंगचित्र काढलें. ती तरुणी म्हणजे पुढें रशियन भाषेंतील श्रेष्ठ कवयित्री ठरलेली मारिना त्स्वेतायेवा. तिच्या चाहत्यांना हें चित्र परिचित आहे. परंतु चित्राखालचें नांव वाचणारे थोडे.

क्रांति व तिच्या मागोमाग आलेली यादवी यांनीं हें सारें जग मोडून टाकलें. माग्दाबाईंना पोटासाठीं खेड्यांत राहावें लागलें. तेथें त्यांनीं लाकडाच्या व्यवहाराच्या कचेरींत कारकुनी केली, आणि पुढें एका खेड्यांतील नाट्यगृहाचे पडदे रंगविले. तशा दिवसांतहि मैत्रीण युलिया ओबोलेन्स्काया हिला त्या नेमानें पत्रें लिहीत असत. या पत्रांची थोरवी पुढें दिसेल.

मॉस्कोंत त्यांची गांठ मं. प. ति. आचार्य या हिंदी क्रांतिकारकाशीं पडली. मद्रासकडील हे गृहस्थ लंडनच्या ‘इंडिया हाऊस’मध्यें सावरकरांच्या सहवासांत राहिलेले. १९२० सालीं ताश्कंद येथें हिंदी साम्यवादी पक्ष स्थापन करणाऱ्यांत ते होते. परंतु मानवेंद्रनाथ रॉय यांच्याशीं न पटल्यामुळें ते वेगळे झाले. दोघांचा विवाह झाला, आणि १९२२ सालीं दोघेंहि बर्लिनला आलीं.

बर्लिन तेव्हां रशियन निर्वासितांनीं गजबजलेलें होतें. १९२८ सालीं तेथें माग्दाबाईंचें प्रदर्शन भरलें. त्यावर एका रशियन दैनिकांत ज्या तरुण लेखकानें अभिप्राय लिहिला, तो व्लादिमिर नाबोकोव्ह. १९३३ सालीं त्यांनीं त्याचेंहि चित्र काढलें. तें मूळ चित्र हरवलें. आज त्याचें छायाचित्र तेवढें उरलें आहे. त्याच वर्षीं जर्मनींत हिटलरची सत्ता आली. पिता ज्यू, पति हिंदी आणि तोहि राजद्रोही गणलेला, अशा स्त्रीस त्या नगरांत थारा कोठून मिळणार? १९३४ सालीं त्यांनीं बर्लिन सोडलें, आणि १९३६ सालीं त्या पतीमागोमाग मुंबईस आल्या.

येथें त्या पंधरा वर्षें राहिल्या. संसार मुख्यतः त्यांच्या कुंचल्यावर चाले. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांतून त्यांचीं चित्रें लागत. व्हिएन्नाहून आलेली नर्तकी हिल्डे होल्गर, कलासमीक्षक रूडॉल्फ फॉन लायडन अशीं युरोपांतून परागंदा झालेलीं माणसें त्यांच्या परिचयाचीं होतीं. १९४७ सालीं स्थापन झालेल्या ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप’च्या तरुणांनीं मुंबईच्या कलेस निराळें वळण लावलें. माग्दाबाई मात्र माणसाच्या चेहऱ्यासच धरून राहिल्या. रशियांत कवयित्री, बर्लिनमध्यें लेखक, मुंबईंत येथलीं साधीं माणसें. देश बदलला, भाषा बदलली, तरी समोरच्या माणसाकडे निरखून पाहण्याचा त्यांचा धर्म बदलला नाहीं. परागंदा मनुष्यास बरोबर नेतां येण्याजोगी मत्ता हीच.

या धर्माची किंमतहि त्यांस द्यावी लागली. व्यक्तिचित्र काढणारा दुसऱ्याचा चेहरा काळाच्या तावडींतून सोडवितो आणि आपण स्वतः त्या चेहऱ्यामागें लपून जातो. त्यांच्या मृत्यूनंतर फॉन लायडन यांनीं मृत्युलेखांत त्यांचा गौरव केला. परंतु १९५४ सालीं आचार्यहि मुंबईंतच निवर्तले, आणि बाईंची स्मृति जपणारें घरचें माणूस येथें राहिलें नाहीं. पुढें अनेक वर्षें त्यांचें नांव दुसऱ्यांच्या चरित्रांतील एखाद्या तळटीपेपुरतें उरलें.

त्यांना पुनश्च प्रकाशांत आणण्यास मोठा आधार झाला तो त्या पत्रांचा. ओबोलेन्स्कायाबाईंनीं जपलेलीं पत्रें मॉस्कोंत सुरक्षित राहिलीं, आणि त्यांच्या व इतर साधनांच्या आधारें लीना बर्नस्टाइन या विदुषीनें २०२० सालीं माग्दाबाईंचें चरित्र प्रसिद्ध केलें. चित्रकर्त्रीनें माणसें राखलीं. तिला एका मैत्रिणीच्या जपणुकीनें राखलें.

परंतु पत्रें म्हणजे चित्रें नव्हेत. मुंबईंतील पंधरा वर्षांचें काम या शहरांत आणि शहराबाहेर कोठें कोठें पांगलें आहे. ज्यांच्या घरीं त्या काळचें एखादें व्यक्तिचित्र भिंतीवर असेल, त्यांनीं एकदां तें खालीं उतरवून, धूळ पुसून, कोपऱ्यांतील सही वाचून पाहावी. आजोबा किंवा आजीबाई कोण, हें घरांत ठाऊक असतेंच. त्यांच्याकडे इतक्या निरखून कोणीं पाहिलें, हेंहि घरांत ठाऊक असावें.