भातखाचर, बेडूक आणि रस्ता

कुंभकोणमहून तंजावरकडे जाणारा रस्ता पापनाशमजवळ भातखाचरांच्या मधून जातो. कावेरीच्या या मुलखात मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत पडतो. जोराची सर पडून गेली की रात्री बेडूक पाण्याकडे निघतात आणि त्यांच्या मागे साप येतात. अशा रात्री बॅटरी घेऊन त्यांना शोधणे ही आज अभ्यासकांची पद्धत आहे, पण तिचा मोठा वापर आधी केला तो बेडकांच्या तंगड्यांच्या व्यापाराने. 1950 च्या दशकापासून केरळ, तमिळनाडू, पश्चिम बंगाल अशा भातपिकाच्या राज्यांतून माल युरोप-अमेरिकेला जाऊ लागला. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ही निर्यात वर्षाला 4,000 टनांवर पोचली होती. एरवी लपून राहणारा मोठा बेडूक विणीसाठी एकाच वेळी उघड्यावर येतो, नर हळदीसारखे पिवळे होऊन ओरडतात, आणि दिव्याच्या झोतात जागीच थबकतात. म्हणजे पकडले जात ते अंडी घालायला आलेलेच जीव. 1985 मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले आणि 1987 मध्ये भारताने निर्यात बंद केली. ही बंदी योग्यच होती. पकडणाऱ्या मजुरांची कमाई बुडाली हा आक्षेप खरा आहे, पण शेतातले किडे खाणारा प्राणी संपवून मिळणारी ती कमाई टिकणारी नव्हती.

तरीही बंदीने बेडूक वाचला असे मानणे मला पटत नाही. ज्या सवयीमुळे तो पोत्यात गेला, तीच त्याला आज चाकाखाली आणते. खाचर आणि तळे यांच्यामध्ये डांबरी रस्ता असेल तर तो ओलांडण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. कोणी म्हणेल, पावसात अजून कानठळ्या बसतात, मग काळजी कशाची? पण थोडे नरही पुष्कळ आवाज करतात. तेवढ्यावरून संख्या ठरत नाही. कीटकनाशके अधिक घातक असतील, हेही शक्य आहे. मात्र त्यांचा परिणाम पाण्यात विरून जातो, तर रस्त्यावरचे प्रेत मोजता येते. तेही पहाटेपर्यंतच, कारण नंतर कावळे आणि वाहने काही शिल्लक ठेवत नाहीत. म्हणून त्याच रात्री तिथे जाऊन नोंद करावी लागते. अशा रस्त्यांना कायद्याचाही अडसर नाही. 2020 मध्ये तमिळनाडूने कायदा करून तंजावरसह कावेरीचा त्रिभुज प्रदेश संरक्षित कृषिक्षेत्र ठरवला आणि तेथे नव्या तेल-वायू प्रकल्पांना मनाई केली. रस्त्यांची कामे मात्र त्या मनाईतून वगळली.