खाणीनंतरची जमीन

वरोऱ्याची कोळशाची खाण सरकारने १८७१ च्या सुमारास सुरू केली आणि १९०६ मध्ये बंद केली. १९०१ च्या खाण-कायद्याला काळजी होती ती अपघातांची. मागे उरणाऱ्या जमिनीची नव्हे. पुढे चंद्रपूर-वणीकडे उघड्या खाणी पसरल्या. १९५७ च्या कायद्याने कोळशाखालची शेते सरकारकडे घेण्याची वाट मोकळी केली. २००९ मध्ये मात्र खाण मिटविण्याचा आराखडा सक्तीचा झाला. वरची माती निराळी काढून ठेवायची, खड्डा भरला की ती पसरून झाडे लावायची आणि खर्चाची रक्कम आधीच बाजूला टाकायची.

नियम चांगला आहे. पण ढिगात वर्षानुवर्षे पडलेल्या मातीतला जीव उडतो, तो एका पावसाळ्यात परतत नाही. शिवाय माती जागेवर आली, तरी सातबारा शेतकऱ्याच्या नावावर परत येईलच असे नाही. नोकरी घरातल्या एकाला मिळते, तीही निवृत्तीपर्यंत. कापूस-तुरीचे शेत नातवंडांनाही पोसते. म्हणून खड्डा भरला की हिशेब मिटला, असे मी मानीत नाही. त्या मातीवर पुन्हा नांगर कोणी धरायचा, हे ठरेल तेव्हाच तो मिटेल.