बारा फ्रेम, आठ कॅमेरे: फिल्म फोटोग्राफर्सचं ग्रुप पोर्ट्रेट सेशन कसं आयोजित करतात?

डिजिटल कॅमेऱ्यावर फोटो बिघडला की तो मागच्या स्क्रीनवर लगेच दिसतो. लाइट थोडा सरकवला, सेटिंग बदललं की काम भागतं. फिल्म कॅमेऱ्यात ही सोय नाही. शनिवारी काढलेला रोल धुऊन हातात येईपर्यंत बऱ्याचदा पुढचा शनिवार उजाडतो. तेव्हा बाराच्या बारा फ्रेम कोऱ्या निघाल्या, तर स्टुडिओचं भाडं, मॉडेलचं मानधन आणि रोलची किंमत एकदमच पाण्यात जाते.

तरीही जुने कॅमेरे घेऊन फिल्मवर फोटो काढणारी हौशी मंडळी स्टुडिओ पोर्ट्रेटकडे वळताना दिसतात. एकट्याला परवडत नाही, म्हणून सहा-आठ जण मिळून अर्ध्या दिवसासाठी स्टुडिओ घेतात. असं सेशन नेमकं कसं आखायचं? कुठे चुका होतात? आणि त्या आधीच कशा टाळता येतात?

एकत्र येण्याचं कारण काय?

पहिलं कारण अर्थातच पैसा. स्टुडिओ तासाच्या दराने मिळतो आणि अनेक ठिकाणी किमान काही तासांचं बुकिंग घ्यावंच लागतं. दुसरं कारण सामानाचं. फ्लॅश मीटर, रेडिओ ट्रिगर, सिंक केबल या वस्तू एका माणसाकडे क्वचितच असतात. आठ जणांत मिळून मात्र त्या निघतात.

हौशी छायाचित्रकारांनी एकत्र येण्याची परंपरा मुंबईत बरीच जुनी आहे. १८५४ मध्येच इथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सदस्यांपैकी एक होते.

किती जण असावेत?

इथेच बहुतेक सेशन फसतात. खर्च कमी व्हावा म्हणून पंधरा-वीस जणांना बोलावलं जातं. मग प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटं येतात आणि मॉडेल दमून जाते.

त्यामुळे आधी वेळेचं गणित मांडायला हवं. समजा स्टुडिओ चार तासांसाठी, म्हणजे २४० मिनिटांसाठी घेतला आहे. त्यात दोन सेट आणि दोन मॉडेल आहेत.

- लाइट लावणं आणि तपासणं: ४० मिनिटं
- प्रत्यक्ष शूट: १६० मिनिटं
- मधली सुट्टी: २० मिनिटं
- आवराआवर: २० मिनिटं

१६० मिनिटांत २० मिनिटांच्या आठ पाळ्या बसतात. दोन्ही सेट एकाच वेळी चालू असल्याने आठही जणांना प्रत्येक सेटवर एकेक पाळी मिळते. १२० फिल्मवर ६ बाय ६ कॅमेऱ्यात १२ फ्रेम, ६ बाय ७ मध्ये १० आणि ६ बाय ४.५ मध्ये १५ किंवा १६ फ्रेम येतात. पोज बदलत, फोकस नीट करत एक रोल संपवायला २० मिनिटं पुरतात. म्हणजे प्रत्येकी दोन रोल. ३५ एमएमवाल्यांनीही पाळीला ३६ फ्रेम संपवायचा अट्टाहास न केलेला बरा.

ज्याची पाळी नाही तो रिकामा बसत नाही. एकाने रिफ्लेक्टर धरायचा, एकाने घड्याळ पाहायचं, पुढच्या पाळीवाल्याने रोल भरून तयार राहायचं. ही कामं आधीच कागदावर लिहून भिंतीला लावली की वाद होत नाहीत.

खर्च कसा वाटायचा?

एक काल्पनिक हिशेब पाहू. स्टुडिओ तासाला १,२०० रुपये, म्हणजे चार तासांचे ४,८००. दोन मॉडेलना प्रत्येकी २,५०० याप्रमाणे ५,०००. मेकअप २,०००. चहा-नाश्ता १,२००. एकूण १३,००० रुपये. आठ जणांत प्रत्येकी १,६२५ होतात. रोल आणि धुलाईचा खर्च ज्याचा त्याने करायचा.

आता ऐनवेळी दोघे आले नाहीत, तर उरलेल्या सहा जणांवर प्रत्येकी सुमारे २,१७० रुपयांचा भार पडतो. म्हणून पूर्ण पैसे आधी घ्यावेत. ज्याला जमत नाही त्याने बदली माणूस द्यावा, नाहीतर पैसे परत मिळणार नाहीत, हा नियम बुकिंगच्या दिवशीच सांगून टाकलेला बरा. मैत्रीत हे बोलायला अवघड वाटतं, पण सेशननंतर मैत्री तुटण्याचं कारणही बऱ्याचदा हेच असतं.

जागा कशी निवडायची?

फोटो पाहून स्टुडिओ बुक करू नये. टेप घेऊन लांबी मोजावी. ३५ एमएम कॅमेऱ्यावर ८५ एमएमची लेन्स असेल तर कमरेपर्यंतच्या पोर्ट्रेटसाठी मॉडेलपासून साधारण आठ फूट दूर उभं राहावं लागतं. मॉडेल आणि पडदा यांच्यात पाच फूट अंतर हवं, म्हणजे सावली पडद्यावर पडत नाही. फोटोग्राफरच्या मागे थोडी जागा धरली तर एकूण सोळा फूट झाले. डोक्यापासून पायापर्यंत फोटो हवा असेल तर हीच लांबी पंचवीस फुटांपर्यंत जाते.

मोठ्या शहराबाहेर राहणाऱ्यांनी गावातला जुना फोटो स्टुडिओ आधी पाहावा. पासपोर्ट आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्या अशा स्टुडिओत छत्री, फ्लॅश आणि पडदे असतातच. दुपारच्या मंद वेळेत तो भाड्याने मिळू शकतो. मालक स्वतः फिल्मच्या जमान्यातले असतील तर त्यांचा अनुभव हा वेगळा फायदा.

विचारायच्या आणखी तीन गोष्टी: वीज गेली तर काय, कपडे बदलायला कडी असलेली स्वतंत्र खोली आहे का, आणि फ्लॅशला कोणता ट्रिगर चालतो.

फ्लॅश की एलईडी?

सतत जळणाऱ्या एलईडीचा फायदा असा की सगळे एकाच वेळी फोटो काढू शकतात आणि सावली कुठे पडते ते डोळ्यांना दिसतं. पण फिल्मला प्रकाश जास्त लागतो. साध्या एलईडीवर आयएसओ ४०० ची फिल्म असूनही १/६० सेकंद आणि एफ २.८ वर यावं लागू शकतं. मग डोळ्यांवर फोकस आला तर कान हलकेच धूसर. शिवाय रंगीत निगेटिव्ह फिल्म दिवसाच्या उजेडासाठी बनवलेल्या असतात. पिवळ्या हॅलोजनखाली त्यावर चेहरे नारिंगी येतात. एलईडी असेल तर तो ५,६०० केल्विनच्या आसपास ठेवावा.

फ्लॅशवर एफ ८ सहज मिळतो आणि हात हलण्याचा प्रश्न जवळपास मिटतो. मात्र एका सेटवर एका वेळी एकच जण फोटो काढू शकतो. दोघांनी ट्रिगर दाबला तर एकाच्या वाट्याला चार्ज न झालेला फ्लॅश येतो. म्हणून प्रत्येक सेटला एकच ट्रिगर ठेवावा आणि पाळीसोबत तो पुढे द्यावा. दोन सेटच्या ट्रिगरना वेगवेगळे चॅनल द्यावेत. फ्लॅशमधला प्रकाश ओळखून पेटणारा 'स्लेव्ह' मोड बंद करावा, नाहीतर शेजारच्या सेटवरच्या प्रत्येक क्लिकला हा फ्लॅशही उडतो.

रोल कोरा का निघतो?

फिल्मवरच्या स्टुडिओ सेशनमधली सगळ्यात महागडी चूक म्हणजे फ्लॅश आणि शटर यांचा मेळ न बसणं. त्याचे मुख्य प्रकार तीन.

*शटर स्पीड जास्त ठेवणं.* पडद्याचं शटर असलेल्या कॅमेऱ्यात ठरावीक वेगापर्यंतच संपूर्ण फ्रेम एकदम उघडी असते. पेंटॅक्स के १००० मध्ये ही मर्यादा १/६० आहे, तर झेनिटच्या अनेक मॉडेलमध्ये १/३०. निकॉन एफएम २ मध्ये ती १/२०० किंवा १/२५० पर्यंत जाते. त्यापुढे गेलं की फोटोचा एक पट्टा काळा येतो. याशिका मॅट १२४ जी किंवा हॅसलब्लाड ५०० सी/एम यांसारख्या कॅमेऱ्यांत शटर लेन्समध्येच असतं, त्यामुळे कोणत्याही वेगावर फ्लॅश चालतो.

*'एम' आणि 'एक्स'चा घोळ.* अनेक जुन्या कॅमेऱ्यांवर ही दोन अक्षरं असलेला छोटा खटका असतो. 'एम' हा जुन्या फ्लॅश बल्बसाठी आहे. बल्ब पेटायला वेळ घेतो, म्हणून त्याला शटर उघडण्याआधीच इशारा दिला जातो. आजचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश 'एम'वर जोडला तर शटर उघडायच्या आत उडून विझतो. स्टुडिओत सगळ्यांना लखलखाट दिसतो, फिल्मला मात्र काहीच दिसत नाही. खटका कायम 'एक्स'वर हवा. दोन सॉकेट असतील तर केबल 'एक्स'च्या सॉकेटमध्ये लावावी.

*केबल सैल असणं.* हॉट शू नसलेल्या कॅमेऱ्यांना केबल लागते आणि ती निसटते. एक जादा केबल जवळ असावी.

यावर उपाय सोपा आहे. रोल भरण्याआधी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडायचं, लेन्स पूर्ण उघडी ठेवायची, लेन्ससमोर फ्लॅशने उजळणारी भिंत धरायची आणि मागून पाहत शटर दाबायचं. पूर्ण चौकट उजळलेली दिसली तर सगळं जुळलं आहे. अर्धीच दिसली किंवा अंधार दिसला तर चूक तिथेच सापडते. लाइट लावण्याच्या ४० मिनिटांत आठही कॅमेऱ्यांची ही तपासणी झालीच पाहिजे.

सगळ्यांसाठी एकच माप

प्रत्येक जण आपापल्या मीटरने मोजत बसला तर वेळ जातो. त्यापेक्षा एकाने फ्लॅश मीटर मॉडेलच्या हनुवटीपाशी, त्याचा पांढरा घुमट कॅमेऱ्याकडे करून धरायचा आणि आयएसओ ४०० ला एफ ८ येईल इतकी फ्लॅशची ताकद ठेवायची. मग स्टँडवर चिठ्ठी लावायची:

- आयएसओ ४००: एफ ८
- आयएसओ २००: एफ ५.६
- आयएसओ १००: एफ ४

शटर सगळ्यांचं १/६०, आणि ज्यांची मर्यादा १/३० आहे त्यांचं १/३०. खोलीतल्या ट्यूबलाइट बंद. पाळी सुरू असताना फ्लॅश किंवा मॉडेल पुढे-मागे झाली तर पुन्हा मोजायचं, कारण फ्लॅश दुप्पट अंतरावर गेला की प्रकाश निम्मा नाही, तर एक चतुर्थांश होतो.

पूर्वी व्यावसायिक फोटोग्राफर चाचणीसाठी झटपट फोटो देणारी फिल्म वापरत. फुजीफिल्मने २०१६ मध्ये एफपी-१०० सी बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि तो पर्याय जवळपास संपला. आता ते काम डिजिटल कॅमेरा करतो. तेच आयएसओ, तेच अ‍ॅपर्चर ठेवून एक फोटो काढला की नाकाची सावली कुठे पडते ते कळतं.

मॉडेलचं काय?

आठ अनोळखी माणसांसमोर एकटीने बसणं सोपं नसतं. लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत स्त्रियांसाठी स्वतंत्र झनाना स्टुडिओ काढला होता. कॅमेऱ्यासमोरच्या माणसाला सुरक्षित वाटलं पाहिजे, ही जाणीव तेव्हाही होती.

आज त्यासाठी काही गोष्टी आधीच लेखी ठरवाव्यात. कोणते कपडे, कोणत्या प्रकारचे फोटो, फोटो कुठे वापरणार, मानधन किती आणि कधी. मॉडेलला सोबत कुणाला आणायचं असेल तर आणू द्यावं. पोज दाखवायची असेल तर स्वतः करून दाखवावी, मॉडेलला हात लावू नये. बाकीच्यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढू नये. १८ वर्षांखालील व्यक्ती असेल तर पालकांची लेखी संमती आणि उपस्थिती दोन्ही हवं.

फोटोवर हक्क कुणाचा?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारी व्यक्ती ही त्याची कर्ता मानली जाते. त्यामुळे सेट आणि लाइट सामायिक असले तरी प्रत्येकाच्या निगेटिव्हवर ज्याचा त्याचा हक्क राहतो. एक अपवाद लक्षात ठेवायला हवा. कुणी मोबदला देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणून संमतीपत्रात ही गोष्ट दोन ओळींत स्पष्ट करावी.

सेशन संपल्यावर

रोल बाहेर काढताच त्यावर नाव, सेट आणि आयएसओ लिहावं. आठ जणांचे सोळा रोल टेबलावर एकसारखेच दिसतात. फ्रिजमधून आणलेली फिल्म पावसाळ्यात लगेच उघडू नये, नाहीतर तिच्यावर दमट हवेचं पाणी धरतं. खोलीच्या तापमानाला आल्यावरच पाकीट फोडावं.

ब्लॅक अँड व्हाइट फिल्म घरी धुणाऱ्यांनी तापमान सांभाळावं. डेव्हलपरच्या वेळा सहसा २० अंश सेल्सिअससाठी दिलेल्या असतात आणि एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात नळाचं पाणी त्याहून कितीतरी गरम असतं. बर्फाच्या पाण्यात बाटली ठेवून ते खाली आणावं लागतं. रंगीत फिल्मची सी-४१ प्रक्रिया ३७.८ अंशांवर होते, ती लॅबकडे दिलेली बरी. सगळे रोल एकत्र पाठवले तर कुरिअरचा खर्चही वाटला जातो.

आणि शेवटचं काम बहुतेक ग्रुप विसरतात. दोन-तीन आठवड्यांनी निगेटिव्ह आल्या की पुन्हा एकदा भेटायचं. एकच मॉडेल, एकच लाइट, तरी आठ जणांच्या काँटॅक्ट शीट वेगवेगळ्या दिसतात, आणि कुणाची चूक कशामुळे झाली तेही तिथेच उलगडतं. त्या भेटीला मॉडेललाही बोलवावं आणि ठरल्याप्रमाणे प्रिंट हातात द्यावी. पुढच्या सेशनला ती पुन्हा यायला तयार होईल की नाही, हे बऱ्याच अंशी त्या प्रिंटवर ठरतं.